तोंडातल्या टाचण्या

माझा धाकटा भाऊ झुंबर. माणूस वाईट नाही, पण त्याच्याशी गप्पा मारायला बसाल तर भिंतीशी बोलून उठाल. यात सगळा दोष त्याचा नाही म्हणा. ऐन उमेदीत तो पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या पेट्या ठोकायचा. तेव्हा द्राक्षं लाकडी पेटीतून जायची. पेट्या ठोकणारा माणूस खिळे खिशात ठेवत नाही, तोंडात ठेवतो. मूठभर खिळे गालात, जिभेने एकेक पुढे ढकलायचा, डाव्या हाताने घ्यायचा आणि उजव्या हाताने हाणायचा. अशा माणसाला काही विचारलं तर तो काय बोलणार? "हं." फारच आग्रह केला तर "हं हं." हंगाम संपला तरी त्याचं तेच चालायचं.

खिळे तोंडात ठेवायचं आणखी एक कारण होतं. थुंकीने ओला झालेला खिळा लाकडात बसला की गंजतो, आणि गंजलेला खिळा लाकूड सोडत नाही. ट्रक कितीही हादरला तरी पेटी खिळखिळी होत नाही. झुंबरने ठोकलेली पेटी उघडायला गेलं की फळी चिरायची, खिळा जागचा हलायचा नाही. याचा त्याला भारी अभिमान.

पुढे पुठ्ठ्याचे खोके आले आणि पेट्यांचं काम बसलं. त्याच सुमाराला त्याची बायको सरूबाई गेली. मी पिंपळगावला गेले, दोघा बापलेकींचं सामान टेम्पोत घातलं आणि पंचवटीत माझ्या घरी आणलं. मी भाजीबाजाराच्या तोंडाशी हार विकते. माझे मालक देवाघरी, मूलबाळ नाही, दोन खोल्या रिकाम्याच होत्या. झुंबर स्टुलं, देव्हारे, दारांच्या चौकटी असली कामं करायला लागला. माझ्या स्वयंपाकघरात त्याने एक फळी ठोकलीय. ती वाकडी आहे आणि आता जन्मात निघायची नाही.

त्याची मुलगी तृप्ती कॉलेजात गेली आणि एनसीसीत शिरली, तीही विमानाच्या शाखेत. अठ्ठ्याण्णव साल असेल. एके दिवशी उड्या मारत घरी आली. लाकडाचं छोटं ग्लायडर स्वतः बनवायचं, रविवारी मैदानावर उडवून दाखवायचं, ज्याचं नीट उडेल तो दिल्लीच्या कॅम्पला जाणार. पोरीचा सगळा जीव त्या दिल्लीत अडकला.

"दादा, माझं उडालं तर जाऊ ना मी?" तिने बापाला विचारलं.

झुंबर स्टुलाचा पाय ठोकत होता. तोंडात खिळे. "हं," म्हणाला आणि पाठ फिरवली.

"आत्या, हे हो म्हणाले की नाही?"

"मला काय विचारतेस बाई," मी म्हटलं, "मला त्याची भाषा पन्नास वर्षांत समजली नाही."

कॉलेजातून लाकडाच्या पट्ट्या मिळाल्या होत्या. बाल्सा म्हणतात त्याला. इतकं हलकं की मला वाटलं पोरीला फसवलं. पंख बनवायची रीत तिने आम्हाला दाखवली. मऊ बोर्डावर नकाशा पसरायचा, वर प्लास्टिक. त्यावर लांब पट्टी ठेवायची, तिच्यावर आडव्या फासळ्या उभ्या करायच्या, सांध्याला गोंद लावायचा. आणि काहीच हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी लाकडातून थेट बोर्डात टाचण्या टोचायच्या. गोंद पक्का वाळला की टाचण्या काढायच्या, पंख अलगद उचलायचा. डावा पंख तिने लावला. तेवढ्यात परेडला जायची वेळ झाली.

"दादा, उजवा तुम्ही लावाल? अगदी तसाच?"

"हं."

आणि लावला की त्याने. मी दारात हार ओवत बघत होते. काय मन लावून करत होता! मूठभर टाचण्या गालात, एकेक काढून टोचत होता. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. त्याला तर त्याहून नाही. बोर्ड कपाटावर ठेवला. पावसाळी हवा, गोंद वाळेना, म्हणून दोन-तीन दिवस कुणी हात लावला नाही.

शुक्रवारी तृप्तीने टाचण्या काढल्या. डाव्या पंखाच्या सुळसुळ निघाल्या. उजव्याची पहिली टाचणी ओढली तर तिच्याबरोबर फासळीचा टवका आला. दुसरी ओढली, लांब पट्टीच चिरली. तिसरी तिने जोरात ओढली आणि पंखाचे दोन तुकडे झाले.

तृप्ती बापाकडे वळली. "तुम्ही मुद्दाम केलंत. मी जाऊ नये म्हणून केलंत. डावा कसा निघाला मग?"

झुंबर मोडका पंख बोटांनी चाचपत होता. आता माझाही पारा चढला. "अरे बोल की मेल्या! पोरगी तोंडावर बोलतेय आणि तू मिठाची गुळणी धरून बसलायस!"

त्याने खाली वाकून एक टाचणी उचलली. खिडकीपाशी नेली, उजेडात धरली. टाचणी तांबडी झाली होती. तिच्या टोकाला लाकडाचा भुसा चिकटलेला. त्याचं तोंड उतरलं.

"अक्का," तो म्हणाला, "मी वल्ल्या लावल्या गं. पेटीवानी."

तृप्तीने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली होती.

त्याने मोडका पंख बाजूला सारला. उरलेल्या पट्ट्या जमवल्या, नकाशावर ठेवून फासळ्या कापायला बसला. कापून झाल्या, गोंद लागला, आणि सवयीने टाचण्यांची मूठ तोंडाकडे गेली.

"थांब!" मी ओरडले. "तोंडात नको! वाटीत ठेव!"

दचकून त्याने हात खाली घेतला. मी वाटी पुढे सरकवली. टाचणी वाटीतून घ्यायची, टोचायची, परत वाटीत हात. त्याला ते जमेना. हाताचं नव्हे, तोंडाचं जमेना. रिकामं तोंड घेऊन काय करावं हे त्याला कळत नव्हतं. ओठ नुसते हलत होते. माझ्या मनात आलं, हा आता रडतो की काय.

"तृप्ते," त्याने हाक मारली. "इकडं ये जरा."

ती दारात आली, आत नाही आली.

"मुद्दाम नाय केलं."

"बरं."

"पण तू जाऊ नये असं वाटत व्हतं. ते खरं हाय."

तृप्तीचे डोळे भरले. "मग तेव्हाच सांगायचं होतं ना! मी विचारलं तर नुसतं हं. सरळ नको म्हणायचं!"

"नको म्हणलो असतो," झुंबर म्हणाला, "तर तू गेली नसतीस."

त्याने वाटीतून एक टाचणी घेतली, लुगड्याच्या चिंधीला पुसली, फासळीच्या कडेला टोचली. मग म्हणाला, "म्हणून तोंडात खिळे धरून बसलो व्हतो. तोंड उघडलं असतं तर नकोच आलं असतं."

"आणि आता काय येतंय?" तिने विचारलं.

त्याने मान वर केली. "आता जा," म्हणाला. "पण लवकर ये."

ती आत आली, त्याच्या शेजारी बसली आणि वाटी आपल्या मांडीवर घेतली. ती टाचणी पुसून द्यायची, तो लावायचा. गोंद वाळावा म्हणून मी शेगडी पेटवून लांब ठेवली. शनिवारी सगळ्या टाचण्या सुळसुळ निघाल्या. रविवारी ग्लायडर उडालं. उजव्या अंगाला थोडं कललं, पण लांब गेलं. पोरगी दिल्लीला गेली. स्टेशनवर झुंबर हात हलवत उभा, तोंड रिकामं, आणि लेकीला दहादा तेच सांगत होता, खिडकीतून वाकू नको.

दिल्लीहून ती आली, पण आल्यासारखी राहिली नाही. शिक्षण झालं, बंगलोरला विमानांच्या कामात नोकरी लागली, तिकडेच लग्न केलं. चांगलं चाललंय तिचं. इकडे झुंबर अजून देव्हारे ठोकतो, आणि खिळे अजून तोंडातच ठेवतो. मी सांगून थकले.

रविवारी तिचा फोन येतो. घंटी वाजली की हा हातोडी टाकून धावत येतो, माझा हात ओढतो, त्यात तोंडातले सगळे खिळे काढून ठेवतो आणि मगच रिसीव्हर उचलतो. "बोल गं तृप्ते," म्हणतो, आणि मग जो सुटतो तो थांबत नाही. कुठलं लाकूड महाग झालं, गोदेला किती पाणी आलं, अक्का कशी खेकसते, सगळं सांगतो. तेवढा वेळ ते ओले खिळे मुठीत धरून मी तिथेच उभी राहते.