खांद्यावरचा पट्टा

दिगंबरराव मोहोकार यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांच्याच दारात उभा राहून त्यांच्याविरुद्ध भाषण करत होतो. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहिताना सुरुवात तिथूनच केली पाहिजे, कारण दिगंबररावांना गोड बोलणाऱ्यांपेक्षा तोंडावर भांडणारे जास्त मानवतात.

मी तेव्हा अमरावतीला शाळेत शिकवत होतो आणि सुटीच्या दिवशी शेतमजुरांच्या संघटनेचे काम करत होतो. तेल्हारा तालुक्यात शेवंताबाई नावाच्या मजूर बाईंचा उजवा हात मळणीयंत्रात गेला. यंत्र दुसऱ्याच कोणाच्या कारखान्यातले होते, पण आमचा राग साऱ्यांवरच होता. आम्ही अकोल्यात मोर्चा काढला आणि मळणीयंत्र बनवणाऱ्या प्रत्येकाच्या दारात थांबलो. शेवटचे दार दिगंबररावांचे. औद्योगिक वसाहतीच्या टोकाला एक पत्र्याची शेड, चार कामगार आणि अंगणात उभी असलेली, विकली न गेलेली यंत्रे. मी विचारले, "तुमचा धंदा कोणाच्या मनगटावर उभा आहे, ते सांगा."

ग्रीस लागलेले हात पुशीत एक सडपातळ माणूस बाहेर आला आणि म्हणाला, "गुरुजी, भाषण झालं असन तं आत या. मशीन पाहून घ्या, मंग शिव्या द्या."

आत त्यांनी मला यंत्राचे तोंड दाखवले. जिथून पीक आत सारतात, त्या पत्र्याच्या नळकांड्याला तोंड म्हणतात. इतरांच्या यंत्राचे तोंड वीतभर असे. दिगंबररावांनी आपल्या यंत्राच्या तोंडात हात खांद्यापर्यंत घातला आणि मलाही घालायला लावला. माझी बोटे चाचपडत राहिली. आतले दाते लागले नाहीत.

"मग सगळे असेच का करत नाहीत?" मी विचारले.

"कारण लांब तोंड पीक हळू खाते. शेतकऱ्याले घाई असते. माह्या मशिनी बाहेर उभ्या हायत, त्या कावून उभ्या हायत ते समजलं ना?" मग ते जरा थांबले. "अन् ज्या विकल्या, त्यातल्या एकीचं तोंड हिवरखेडात कापलं म्हनतात. मी उद्या जाऊन राहिलो. यायचं असन तं या."

विकत घेतलेले यंत्र गावातल्या वेल्डरकडे न्यायचे, त्याचे लांब तोंड कापून टाकायचे आणि मग मळणी लावायची, ही चूक आमच्या वऱ्हाडातच सुचू शकते. हात वाचवणारा भाग तेवढा अडचण वाटतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी हिवरखेडला गेलो. यंत्र बाबाराव या मोठ्या शेतकऱ्याच्या खळ्यावर होते. बाबारावांचा शब्द गावात चालायचा. त्यांनी घेतले म्हणून आणखी दोघे-तिघे मोहोकारांचे यंत्र घेणार होते. दिगंबररावांच्या धंद्याचा सारा हंगाम त्या एका खळ्यावर अवलंबून होता, आणि ते त्यांना पुरते ठाऊक होते.

हरभऱ्याची मळणी जोरात चालली होती. पश्चिमेकडून आभाळ भरून येत होते, गारांचे दिवस होते. कापलेल्या तोंडाशी कौसाबाई नावाच्या मजूर बाई बसून पेंढ्या आत सारत होत्या. त्यांची बोटे दर पेंढीला दात्यांच्या अगदी जवळ जात होती. कापलेले तोंड कुंपणाला टेकवून ठेवले होते आणि त्यात बाबारावांच्या घरची कोंबडी अंड्यांवर बसली होती.

दिगंबरराव ट्रॅक्टरवाल्याकडे गेले आणि बंद कर म्हणाले. कारखान्याचाच माणूस, काही दुरुस्ती असेल म्हणून त्याने बंद केला. दिगंबररावांनी ट्रॅक्टरवरून यंत्र फिरवणारा पट्टा उतरवला, खांद्यावर टाकला आणि यंत्राला पाठ टेकून खाली बसले.

"काय झालं दिगंबर?" बाबाराव आले.

"तोंड जोडून घ्या, पट्टा चढवतो."

"आभाय पाह्य ना बाप्पा."

"पाहूनच राहिलो."

"मशीन माही हाय. इकत घेतली म्या."

"मशीन तुमची. नाव माहं हाय तिच्यावर."

"मंग नाव खरडून टाकतो, दे पट्टा."

दोन-चार जण हसले. बाबाराव हसले नाहीत. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "दिगंबर, या गावात तुही एक मशीन येऊ देनार नाही. हिवरखेडातच नाही, आजूबाजूलेबी नाही. इचार करून सांग."

"केला इचार."

आणि मग जे झाले त्याने मी हादरलो. कौसाबाईच उठल्या. "भाऊ, द्या ना त्याईले पट्टा. पानी आलं तं आमचाबी आजचा रोज जाईन. तुमाले काय, तुमी जासान अकोल्याले." बाकीच्या बायाही बोलू लागल्या. ज्यांच्या हातांसाठी हा माणूस बसला होता, त्याच त्याला उठ म्हणत होत्या. एकीने माझ्याकडे बोट केले, "गुरुजी, तुमी तरी सांगा याले."

मी बोलायला तोंड उघडले. भाषण हेच माझे हत्यार. दिगंबरराव खालूनच म्हणाले, "भाषन नोका देऊ गुरुजी. लोकं घाईत हायत."

मग ते बाबारावांकडे वळले. "असं करा. मी आत्ता पट्टा चढवतो, तोंडाबिगर चढवतो. फक्त कौसाबाईच्या जागी तुमच्या घरचं मानूस बसवा. तुमी बसा, पोरगा बसवा, सुनेले बसवा. कोनीबी."

ट्रॅक्टरवाला चाकाकडे पाहत राहिला. आभाळ गडगडले तरी कोणी वर पाहिले नाही. बाबारावांच्या पत्नी मजुरांसाठी पाणी घेऊन आल्या होत्या, त्यांनी कळशी खाली ठेवली. नवऱ्याला म्हणाल्या, "बसता का मंग?"

आणि त्या स्वतःच कुंपणाकडे गेल्या, कोंबडी उचलून बाजूला केली, अंडी पदरात घेतली आणि ते पत्र्याचे तोंड पायाने यंत्राच्या दिशेने लोटले. मी आणि दिगंबररावांनी ते उचलले आणि ट्रॅक्टरने यंत्रासह वेल्डरकडे नेले.

इथे मी खोटा गोड शेवट लिहिणार नाही. तोंड जोडून होईस्तोवर पाऊस आला. बराचसा हरभरा भिजला. बाबारावांनी आपला शब्द पाळला, आणि त्या हंगामात त्या भागात दिगंबररावांचे एकही यंत्र गेले नाही. पुढच्याही नाही. चारपैकी तीन कामगार निघून गेले. दिगंबरराव अमरावतीला येऊन खिडक्यांच्या जाळ्या आणि फवारणीचे पंप दुरुस्त करत. माझ्या घरी मुक्काम असला की रात्रीचे जेवण होताच जमिनीवर खडूने यंत्राच्या आकृत्या काढत बसत.

हल्ली तरुण उद्योजकांच्या मेळाव्यांत मला बोलावतात. तिथे शिकवतात, गिऱ्हाईक मागेल ते द्या. मी या मताच्या विरोधात उभा आहे आणि उभाच राहणार. गिऱ्हाईक कधी कधी दुसऱ्याचा हात मागते. तेव्हा नाही म्हणता आले पाहिजे, मग दुकान बसले तरी चालेल. पण दिगंबररावांकडून मी दुसरी गोष्टही शिकलो, आणि ती पहिलीपेक्षा अवघड आहे. नाही म्हणून घरी बसणाऱ्याला मी उद्योजक म्हणणार नाही. शेतकऱ्याची घाईही खरी होती, आभाळ खरे होते, कौसाबाईंचा रोजही खरा होता. दिगंबररावांनी त्यांना मूर्ख ठरवले नाही. लांब तोंड हळू का खाते, याच्या मागे ते लागले. त्यांनी तोंडाचे आतले टोक खाली आणले, ते उतरते केले, म्हणजे पेंढी ढकलावी न लागता घसरत आत जाते. ते जमायला काही हंगाम गेले. जमले तेव्हा लांब तोंडाचे यंत्र आखूड तोंडाच्या बरोबरीने धान्य काढू लागले.

त्यानंतर एके दिवशी बाबाराव अकोल्याच्या शेडसमोर उतरले. मी तिथेच होतो. नव्या यंत्राभोवती फिरून त्यांनी विचारले, "याचं तोंड कापता येते का?"

"येते ना. पन कापलं तं पेंढी घसरत नाही, मंग मशीन तुमच्या जुन्या मशिनीहून हळू चालते."

"मंग हेच दे," बाबाराव म्हणाले. "घरी बायको बोलते."

आज मोहोकारांची यंत्रे वऱ्हाडाबाहेरही जातात. नवे यंत्र निघताना अंगणात नारळ फुटतो, हळदकुंकू लागते, आणि मग त्या कारखान्याची आपली एक रीत आहे: जी माणसे यंत्राशी बसणार, त्यांनी कारखान्यात येऊन तोंडात खांद्यापर्यंत हात घालून पाहायचा. नुसता मालक आला तर यंत्र मिळत नाही. ही रीत वर्षानुवर्षे ज्यांनी सांभाळली त्या शेवंताबाई. होय, त्याच. दुसऱ्याच्या यंत्रात गेलेल्या हाताची जबाबदारी दिगंबररावांवर मुळीच नव्हती. पण बरे दिवस येताच ते त्यांच्या गावी गेले आणि म्हणाले, "बाई, माह्या गिऱ्हाइकाले तुमीच समजावून सांगा. माहं कोनी आयकत नाही." शेवंताबाईंचे सगळे ऐकतात.

दिगंबररावांचे गुडघे आता कुरकुरतात आणि डॉक्टरांशीही ते बाबारावांशी भांडले तसेच भांडतात. भाऊ, गोळ्या वेळेवर घ्या. अजूनही कुठल्या तरी खळ्यावर कोणी तरी तोंड कापत असेल आणि पट्टा खांद्यावर टाकून बसायला तुम्ही लागाल. तुमचे शरीर तुमच्या हट्टाइतकेच टिकाऊ राहो आणि आम्हाला तुमच्याशी भांडायला अजून पुष्कळ वर्षे मिळोत.

सत्कार समितीने मला विचारले, हार कोणाच्या हस्ते घालावा. मोठमोठी नावे पुढे आली होती. मी हिवरखेडला निरोप धाडला आहे. हार कौसाबाई घालतील, दोन्ही हातांनी.