क्री पाहुणी, निहाली आजी आणि चिमूटभर तंबाखू

"तुमच्या बुलढाण्यात निहाली नावाची एक भाषा आहे म्हणे, जिचं जगात कुणाशी नातं नाही. नेशील?" लॉरेनने विचारलं आणि मी तासाभरात तिकिटं काढली. मला तसंही घरात बसवत नाही. लॉरेन माझी मैत्रीण, कॅनडातल्या क्री आदिवासींपैकी. ढोल आणि पूर्वजांच्या कथा घेऊन ती एकटी रंगमंचावर उभी राहते, क्री भाषेत. तिच्या आजीची ही भाषा शाळेत मारून मारून सोडवली होती. लॉरेन ती तिशीत वर्ग लावून शिकली. आता तिला निहाली ऐकायची होती, तीही एखाद्या आजीच्याच तोंडून.

पुण्याहून रात्रीच्या रेल्वेने निघून सकाळी नांदुऱ्याला उतरलो. तिथून जळगाव जामोदला एसटी. बायकांना अर्धं तिकीट, पण पाहुणीला चालेल का? कंडक्टर म्हणाला, "बाईच हाय ना? मंग अर्धंच." पुढे सातपुड्याच्या पायथ्याला रिक्षा. जाता-येताची ठरवूनच घ्या, परतीला काही मिळत नाही.

गावात ओळखीची सुनीता होती, तिची आजी ओट्यावर. मी थेट विषयाला हात घातला. "आमची बोली काऊन पाह्यजे?" आजी म्हणाली. "लोकं हासतात. म्या सोडून देल्ली."

लॉरेनने लाल फडक्यातली तंबाखू आजीच्या हातावर ठेवली. क्री लोकांत वडीलधाऱ्यांकडे काही मागायचं तर आधी तंबाखू देतात; त्यांनी घेतली की होकार. आजीने चुना लावून मळली आणि दाढेत धरली. लॉरेन हरखली. "आता फक्त थांबायचं," मला म्हणाली, "पुन्हा मागायचं नाही."

थांबलो. भाकरी-ठेचा झाला, तीन वाजले. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, माझा जीव वरखाली. शेवटी आजीच वैतागली, "हे बाई काऊन बसून राह्यली?"

मला राहवेना, सगळं सांगून टाकलं. आजी ओशाळली. "आधी सांगा लागत होतं ना. म्या तं खाऊन टाकली."

तिने उठून चूळ भरली, सुनीतासमोर बसली आणि निहालीत बोलू लागली. दहा मिनिटं तरी. सुनीता ओढणीने डोळे पुसत होती. मग लॉरेनने अंगणातच ढोल काढून स्वतःच्या आजीचं गाणं म्हटलं. कुणीही हसलं नाही.

पुण्यात येऊन आठवडा झाला, कामात लक्ष लागत नाही. काय बोलली असेल आजी? काल न राहवून सुनीताला फोन केला. आजी काय बोलली ते विचारलं.

"ताई, मले अर्धंच समजलं. म्हणूनच तं रडली मी."