नऊ नंबरचे बूट

कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून मी आडवी पडते तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो. मे महिन्यातली अमरावती. दारं-खिडक्या बंद, खिडकीवर ओली चादर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कपाटाच्या दाराला संध्याकाळची साडी हँगरवर लावून ठेवली आहे. कूलरच्या वाऱ्यानं तिचा पदर उठतो, बसतो, पुन्हा उठतो. मी डोळे मिटते तरी पदर दिसतच राहतो.

संध्याकाळी सहाला माझ्या कॉलेजात कार्यक्रम आहे. मागच्या बाजूचं मातीचं बास्केटबॉल मैदान आता सिमेंटचं झालं आहे आणि त्याच्या भिंतीवर बोर्ड लागला आहे. कॉलेजचं नाव काढणाऱ्या बारा खेळाडू. पहिलंच नाव माझं: पुष्पलता धर्माळे, नऊ नंबर, १९७७च्या नागपूरच्या अंतिम सामन्यात एकटीचे अडतीस गुण. मी लग्न केलं नाही, त्यामुळे नाव अजून जसंच्या तसं आहे.

ते अडतीस गुण मात्र माझे नाहीत. एवढं एक वाक्य मी सत्तेचाळीस वर्षांत कुणापाशी काढलेलं नाही. आजही भाषण लिहून झालंय आणि त्यात ते नाही.

कूलरची घरघर हळूहळू दाट होते. तिच्यात आवाज मिसळतात, आधी दोन-चार, मग पुष्कळ. टाळ्या. पायांनी फळ्या बडवल्याचा आवाज. ‘पुष्पा! पुष्पा!’ मी उठून उभी राहते. त्या दिवशीही अशीच उभी राहिले होते, प्रेक्षकांत बसलेली असून.

‘‘बस खाली,’’ कुणीतरी म्हणतं. ‘‘तुले नाई बोलवून राह्यले.’’

साडीखाली जमिनीवर पंची बसली आहे. पंचफुला तायडे. गुडघ्यात मान घालून बुटाची नाडी सोडते आहे. दोन वेण्या, तेल चोपडलेलं, कपाळावर घाम. ती चोविसाव्या वर्षी काविळीनं गेली, दर्यापूरजवळच्या तिच्या सासरी. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. कळलं असतं तरी मी गेले असते की नाही, कोण जाणे.

‘‘पंचे, तू आत कशी आलीस? दार बंद आहे.’’

‘‘तुह्या नावानं आलो. तुह्यं नाव सांगतलं का समदीकडे सोडतात मले.’’

ती हसते. तिचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते. ते मी विसरले होते.

मी पलंगावरून पाय खाली सोडते. पायाला फरशी लागत नाही, एस.टी.चा तापलेला पत्रा लागतो. आम्ही नागपूरहून परत येतो आहोत. आमच्या मधल्या सीटवर कप ठेवला आहे, टॉवेलात गुंडाळून. पंचीनं डावा पाय माझ्या मांडीवर टाकला आहे आणि टाचेची सालटी निघाली आहे.

बूट माझे होते. पंची एरवी अनवाणीच खेळायची, आणि अशी खेळायची की मैदानाबाहेरून जाणारे सायकली थांबवून बघायचे. पण पहिल्या वर्षाला ती इंग्रजीत नापास झाली, आणि नापास मुलीला स्पर्धेत उतरता येत नसे. आमच्या खेळाच्या किनखेडे मॅडमनी मला खोलीत बोलावून घेतलं. म्हणाल्या, धर्माळे, तू बाकावरच बसतेस, तुझा फॉर्म पंचफुलाला दे. फॉर्मवरचा फोटो टिकलीएवढा. दोन वेण्या आणि तेल, त्यात आम्ही सगळ्याच सारख्या. सामन्याच्या पंचांनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि शिक्का मारला. माझं नाव, माझी नऊ नंबरची जर्सी आणि तिला एक नंबर लहान होणारे माझे बूट घालून पंची अंतिम सामना खेळली. मी प्रेक्षकांत पाण्याची सुरई घेऊन बसले होते. पेपरात नाव माझं आलं. प्रमाणपत्रही माझ्याच नावाचं. त्यावर मला बी.पी.एड.ला प्रवेश मिळाला, पुढं शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली. पंचीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं.

‘‘दुखतं का गं?’’ मी टाचेला हात न लावता विचारते.

‘‘अजून दुखते. थे बूट काढू देत नाईत ना तिथी.’’

‘‘कुठं?’’

‘‘उतर. आलं.’’

एस.टी. थांबलेली मला जाणवत नाही, पण आम्ही उतरतो. उतरते ती माझ्या शाळेच्या व्हरांड्यात. दोन्ही बाजूंना वर्ग आहेत आणि वर्गांतल्या मुली हजेरी देताहेत, एकसारख्या, ‘हजर मॅडम, हजर मॅडम’. मी आत डोकावते तर बाकांवर कुणीच नाही. पंची लंगडत पुढं चालते. व्हरांडा जिथं संपायला हवा तिथं आमचं जुनं मातीचं मैदान सुरू होतं.

ऊन डोक्यावर आहे. भोवती फक्कीच्या रेषा नुकत्याच मारलेल्या, डोळ्यांत खुपतील इतक्या पांढऱ्या. मैदानावर चौघी उभ्या आहेत, आपापल्या जागी, गुडघे किंचित वाकवून, सामना आता सुरू होणार अशा. एकीचीही सावली पडलेली नाही. माझी मात्र पडली आहे, पायाशी गोळा होऊन.

सगळ्यांत जवळ रत्ना काळमेघ आहे, आमची कॅप्टन. मार्चमध्येच गेली. तिच्या अंत्यदर्शनाला मी गेले होते. तिच्या नाकात अजून कापूस आहे.

त्या दिवशी उतरलेल्या पाचांत पंची सगळ्यांत आधी गेली, मग एकेक करत या चौघी. मैदानावर खेळलेली आता एकही उरलेली नाही. कागदावरची मात्र एक उरली आहे. मला इतका वेळ उकडत होतं, ते एकदम थांबतं.

‘‘चौघीच का उभ्या आहेत?’’

‘‘पाचवी लागते ना वं. पाच झाल्याबिगर मॅडम चालू करत नाई.’’

‘‘मग तू जा की.’’

‘‘मले कोन घेते? माह्यं नाव कुठी हाय कागदावर?’’

चिंचेखाली टेबल आहे. टेबलाशी किनखेडे मॅडम बसल्या आहेत, पांढरी साडी, गळ्यात शिटी. त्या जाऊन तर तीस वर्षं झाली. समोर गुणपत्रक पसरलं आहे आणि त्या एकेक नाव वाचून पुढच्या चौकोनात फुली मारताहेत.

‘‘काळमेघ.’’

रत्ना मान हलवते. फुली. दुसरं नाव, फुली. तिसरं, चौथं. मग मॅडम थांबतात.

‘‘नऊ नंबर. धर्माळे.’’

पंची हात वर करते. मॅडम तिच्याकडं बघतात, हातातल्या फोटोकडं बघतात. या वेळी त्या नीट बघतात.

‘‘तू धर्माळे नाहीस.’’

पंची हात खाली घेते. तिला त्याची सवय झालेली दिसते, आणि ती सवय बघून मला रडू येतं.

‘‘रोज असंच,’’ ती म्हणते. ‘‘आधी काही वाटत नव्हतं. कोनी ना कोनी यायची बाकी होती. आता रत्नाही आली. आता समद्या तुह्यीच वाट पाहून राह्यल्या.’’

चौघी माझ्याकडं वळतात. पाय न हलवता वळतात. रत्नाच्या हातातला चेंडू जमिनीवर आपटतो आणि परत हातात येतो, आणि मग आवाज होतो.

‘‘पंचे, मला घरी जाऊ दे. संध्याकाळी कार्यक्रम आहे.’’

‘‘ठाऊक हाय. मोरपंखी साडी हाय. मंग जाय ना. पन एक तं तू इथं ये, नाई तं माह्यं नाव सांग. दोन्हीतलं एक कर.’’

‘‘एवढ्या वर्षांनी कसं सांगू? पस्तीस वर्षं मी मुलींना शिकवलं, खोटं खेळू नका म्हणून. त्या आज येणार आहेत, लेकीबाळींना घेऊन. त्यांना काय तोंड दाखवू?’’

‘‘थे मी मांगत नाई. नोकरी तूच केली, पोरी तूच शिकवल्या, थे समदं तुह्यंच हाय. अडतीस तेवढे माह्ये.’’ मग थोडं थांबून, ‘‘माह्या पोरीले माईत नाई वं, का तिची माय खेळे म्हनून.’’

पंचीला मुलगी होती हे मला माहीतच नव्हतं. मी कधी विचारलं नाही. तीस मैलांवर दर्यापूर, आणि मी एकदाही एस.टी.त बसले नाही. मला तिच्यासमोर स्वतःची लाज वाटते.

ती दोन्ही बूट काढते आणि माझ्यापुढं जोडीनं ठेवते. पांढरे कॅनव्हासचे, जिभेवर आत शाईनं ‘पु. ध.’ लिहिलेलं. अक्षर माझंच. ‘‘घाल,’’ ती म्हणते. रागावून नाही, लहान मुलाला शाळेत पाठवताना म्हणतात तसं.

मला घालायचा नसतो. तरी डावा पाय आपण होऊन आत जातो. वयानं माझे पाय पसरले आहेत. बूट टाचेला करकचून चावतो. मी ओरडते, पण आवाज चेंडूसारखा मागून येतो. आणि डावा पाय चालायला लागतो. उजवा अनवाणी, तो मागं राहू बघतो, डावा ओढतो. एक पाऊल, दुसरं. फक्कीची रेषा माझ्या बोटांपासून वीतभर उरते.

‘‘धर्माळे आली का?’’ मॅडम विचारतात. पेनचं टोक माझ्या नावापुढच्या चौकोनावर टेकलं आहे.

मला फक्त दोन शब्द बोलायचे आहेत. पंचफुला तायडे. ते जिभेवर आहेत, मला त्यांची चव लागते आहे, पण जीभ टाळूला चिकटली आहे. टेबलाशेजारी पंची अनवाणी उभी आहे, हात अर्धा वर केलेला. माझी सावली आखूड होते आहे. फुलीची पहिली रेघ कागदावर उमटते. मी पंचीकडं बघते आणि—

लाईट जाते.

कूलर बंद पडतो आणि त्या शांततेनं मी जागी होते. उशी घामानं ओली. चादर वाळून कडक झालेली. साडी हँगरवर सरळ लटकते आहे, हलत नाही. घड्याळात चारला दहा कमी. भाषणाचा कागद उशाशी. मी बराच वेळ छताकडं बघत पडते आणि स्वतःला समजावते, ऊन फार आहे, दुपारी आमरस जरा जास्तच झाला.

उठायला पाय खाली टेकते आणि कळ मस्तकात जाते.

डाव्या टाचेवर फोड आलेला आहे. रुपयाएवढा, पाण्यानं टम्म भरलेला, भोवतीची कातडी लाल. मी निवृत्त झाल्यापासून बूट घातलेले नाहीत. घरात सपाता, बाहेर चपला. उजवी टाच बघते. तिला काहीही झालेलं नाही.

फोन वाजतो. कॉलेजातली प्रियंका ढोके, खेळ विभागात नवी लागलेली मुलगी. आवाजात नुसती लगबग.

‘‘मॅडम, साडेपाचला गाडी पाठवते. तुम्ही तयार राहा, हं. बोर्ड काय सुंदर दिसतोय!’’

‘‘प्रियंका, बोर्डावरचं पहिलं नाव चुकलंय.’’

‘‘अगंबाई. स्पेलिंग चुकलं का?’’

‘‘माणूस चुकलाय. नऊ नंबर मी नव्हते. पंचफुला तायडे होती. अडतीस गुण तिचे. ती माझ्या नावावर खेळली.’’

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात काही फार थोर नव्हतं. मी भ्याले होते. पण भिऊन का होईना, जीभ सुटली होती, आणि ती पुन्हा चिकटायच्या आत मला बोलून घ्यायचं होतं.

‘‘मॅडम... आता तर बोर्ड लागला. दोन तासांत कसं करणार?’’

‘‘माझ्या नावावर पांढरा कागद चिकटव आणि वर हातानं लिही. पंचफुला तायडे. नीट मोठ्या अक्षरात लिही. बाकीचं मी माइकवर सांगते. मला त्यानंतर घरी सोडायला गाडी नसली तरी चालेल, मी रिक्षानं येईन. आणि दर्यापूरकडं कुणी ओळखीचं असेल तर बघ, तिची मुलगी आहे तिकडं.’’

‘‘आणि या तायडे मॅडम? त्यांना बोलावायला हवं ना आज? येतील का त्या?’’

मी टाचेकडं बघते.

‘‘ती दुपारीच येऊन गेली,’’ मी म्हणते.

फोन ठेवल्यावर लाईट येते. कूलर दोन आचके देतो आणि घरघरायला लागतो. मी कान देऊन ऐकते. नुसती मोटार आहे. भाषणाचा कागद मी चार घड्या करून कचऱ्यात टाकते आणि साडी नेसते. डाव्या पायात चप्पल चढत नाही, म्हणून दोन्ही चपला दाराशी ठेवते आणि गाडीची वाट बघत तशीच अनवाणी बसते.