पाठ न केलेला धवला

आमच्या भागात लग्नातल्या गाण्याला धवला म्हणतात आणि गाणारीला धवलारीण. मी धवलारीण. हे मला आत्याकडून मिळालं. तिची ताकीद एकच होती, घरून काही ठरवून जायचं नाही. मांडवात शिरायचं, कोण हसतंय, कोण कोपऱ्यात डोळे पुसतंय ते बघायचं आणि मग तोंड उघडायचं. चाल जुनी, शब्द त्या घरचे. त्यामुळे इतकी वर्षं गाऊनही पहिल्या ओळीआधी माझ्या पोटात गोळा येतो. पुढची ओळ सुचेल की नाही, देव जाणे. आत्या म्हणायची, "गोला येतो तवर गायाचा. येयाचा थांबला का घरान बस."

मागच्या वर्षी शेलार गावातून एका हळदीचं बोलावणं आलं. जमिनी गोदामांना देऊन मोठं झालेलं घर. नवरदेवाची आई तो तान्हा असतानाच गेली, त्याला वाढवलं ते काकूने. हे गावात सगळ्यांना माहीत.

मांडवात पोचले तर नवरदेवाच्या चुलतभावाने हातात माइक दिला. तो गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो.

"मावशी, तुमी फक्त ओठ हलवा. गाना मोबाईलवर रेडी हाय."

"कुणी गायलंय?"

"तुमीच!"

पडघ्याच्या एका लग्नातल्या व्हिडिओतून त्याने माझा आवाज उचलला होता. अ‍ॅपला नवरानवरीची नावं सांगितली, आणि अ‍ॅपने माझ्या आवाजात नवा धवला करून दिला. मला विचारावं असं कुणाला वाटलं नाही. हातातला माइक बंदच होता.

गाणं लागलं. खोटं कशाला बोलू, आवाज माझाच होता आणि माझ्यापेक्षा बरा होता. कुठे खोकला नाही, कुठे दम लागलेला नाही. मला संताप आला, आणि सांगायला लाज वाटते, पण हेवाही वाटला.

मग ओळ आली, पहिली हळद आईच्या हातची. ती पुन्हा पुन्हा येऊ लागली. हळदीची वाटी घेऊन पुढे आलेली काकू जागीच थांबली. तिने वाटी पाटाजवळ ठेवली आणि ती बायकांच्या मागे जाऊन उभी राहिली. नवरदेवाने मान खाली घातली. बाकीचा मांडव डीजेच्या ठेक्यावर नाचत होता. अ‍ॅपला काय बोल लावायचा? लग्नात आई असते, एवढंच त्याला ठाऊक. नाचणाऱ्यांना तर सगळं ठाऊक होतं.

माझं टाळकं सरकलं. मी उठून काकूमागे गेले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि गायला लागले. काय गायले ते आता धड आठवत नाही. याला जिने न्हाऊ घातलं, जिच्या पदराला याने तोंड पुसलं, तिच्या हातची हळद, असं काहीतरी. मध्येच एक ओळ अडली, तर तिच्या हिरव्या बांगड्या दिसल्या, त्याच घातल्या गाण्यात. माझा आवाज फाटला होता. काकूने पदराने डोळे टिपले, वाटी उचलली आणि पोराच्या गालाला हळद लावली. त्या गोंगाटात माझं गाणं तिच्याशिवाय कुणालाच ऐकू गेलं नाही.

त्या हळदीचा व्हिडिओ गावभर फिरला. आवाजाचं फार कौतुक झालं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "गाणं एक नंबर, पण मावशीचे ओठ जुळत नाहीत." त्यावर हसणारे खूप होते.

परवा नवरदेवाच्या त्याच चुलतभावाचा फोन आला. आता त्याच्या बहिणीची हळद आहे.

"मावशी, ह्या टायमाला गाना आदीच पाठवतो. पाठ करून या. ओठ चुकायला नको."

"येते," म्हटलं. फोन ठेवला आणि पोटात गोळा आला. गाणं मोबाईलवर येऊन पडलंय. मी ते उघडलेलं नाही.