सव्वा मूठ गहू

आमच्या खानदेशात कानबाई कधीपासून बसते, हे कुणालाच सांगता येणार नाही. राजे आले, किल्ले बांधून गेले. ती आहे तिथेच आहे. वडिलांनी सुरतेला येताना भांडीकुंडी गावातच सोडली, पण पिढ्यानपिढ्या पूजलेला तिचा नारळ पंच्यात गुंडाळून आणला. तिथल्या लिंबायत भागातल्या एका खोलीत, श्रावणातल्या रविवारी त्या नारळाला नथ घालून आम्ही देवी बसवायचो.

रोटाचे गहू आधीच काढायचे. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, मग तो कुठेही असो. त्या पिठाचा रोट फक्त भाऊबंदांनीच खायचा; ज्याची मूठ नाही, तो भाऊबंद नाही. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षी वडील लूमवर पाळीला होते, म्हणून मूठ घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी एकोणीस वर्षांचा, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. धाकटा काका वडिलांना न विचारता सुरतेतच बमरोलीला राहायला गेला होता आणि दोघांचं बोलणं बंद होतं. मी त्याची मूठ घेतलीच नाही. कुणाला सांगितलंही नाही. वर मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

रविवारी काका दारात उभा, हातात देवीसाठी फुलं. वडिलांनी उठून स्वतः पाट मांडला. आईने ताट वाढलं. हात धुता धुता काकाने मला स्वतःच्या मुठीचं सहज विचारलं, "मनी मूठ लिधी ना रे?"

"नही लिधी."



"मंग मी आठे कसा जेवसू?" काका म्हणाला.

"बसा भाऊजी, पोऱ्या येडा शे," आई विनवत राहिली. तो देवीच्या पाया पडला, चपला घातल्या आणि निघून गेला.

पुढच्या वर्षी मी त्याची मूठ सगळ्यांत आधी घेतली. तो आला नाही. मग गावी परतला आणि तिकडेच वारला. दोघे भाऊ पुन्हा एका पंगतीला बसले नाहीत. वडिलांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

गेलेल्या माणसाची मूठ घेत नाहीत. मी अजून काकाची घेतो. माझा मुलगा गुजराती शाळेतला, मोजणीत पक्का; जास्तीची मूठ त्याला लगेच कळते. "पप्पा, एक वधारे केम?" तो दरवर्षी विचारतो.

"मोजताना चुकलो," मी सांगतो. एवढं खोटं मला तेव्हा बोलता यायला हवं होतं.