गाठीभोवतीची गर्दी

पेणला रामवाडीजवळ रक्त-लघवी तपासायची एक छोटी लॅब होती, तिथे मी कामाला होते. रोह्याहून रोज एसटीने यायचे. एका दुपारी सासरे काउंटरपुढे येऊन उभे राहिले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. धाटावच्या कंपनीतून नुकतेच निवृत्त झालेले, माझ्याशी मोजकंच बोलणारे.

"घरात कोणाला बोललो नाय," खाली बघत ते म्हणाले. "आधी तू बघ गो."

लघवी लाल होती. सोनोग्राफीत डाव्या किडनीवर गाठ दिसली आणि मुंबईच्या एका इस्पितळात ती किडनी काढली.

गाठ कॅन्सरची निघाली. टाके काढायला गेलो तेव्हा तिथल्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टरीणबाईंना मी याच कामातली आहे हे कळलं. त्यांनी मला मायक्रोस्कोपखाली गाठीची स्लाइड दाखवायला बोलावलं. सासरेही हट्टाने बरोबर आले. कॅन्सरच्या पेशी बुडबुड्यांसारख्या फिकट होत्या आणि त्यांच्यामध्ये गडद जांभळ्या ठिपक्यांची दाटी. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या, स्लाइडला रंग लावला की अशा जांभळ्या दिसतात. मला एकदम बरं वाटलं.

"म्हणजे शरीर लढतंय ना, मॅडम?"

त्या म्हणाल्या, "दुसऱ्या काही गाठींमध्ये ही गर्दी दिसली की आम्हाला आनंद होतो. किडनीचं तसं नाही. इथे जास्त गर्दी असलेल्यांना उलट रोग लवकर परत येतो, असं दिसायला लागलंय. पेशी जमतात, पण त्यांच्याकडून काम होत नाही. का, ते अजून नीट कळलेलं नाही. आणि एकट्या माणसाबद्दल यावरून ठामपणे काही सांगताही येत नाही."

सासऱ्यांनी विचारलं, "पण त्या माझ्याच ना?"

"तुमच्याच."

"मग त्यांना कशाला दोष द्यायचा."

परतताना घरी काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. वाटेतलं गडब गाव मागे पडलं तसे ते म्हणाले, "तू नको सांगू. मी सांगतो." आणि घरात शिरल्या शिरल्या त्यांनी सासूबाईंना सगळं ऐकलं तसं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. "हातपाय धुवा," म्हणाल्या आणि मोरीत भांडी घासत बसल्या. घासलेलीच पुन्हा घासत होत्या. मी शेजारी बसून विसळत राहिले.

पुढची दोनेक वर्षं बरी गेली. त्यांनी परसात वाल लावले. छातीच्या एक्स-रेला जाताना गाडीत माझ्याशी बोलायला लागले, शिफ्टमधल्या सोबत्यांबद्दल, लहानपणच्या मिठागरांबद्दल. मग फुप्फुसात डाग दिसले. त्यावर तेव्हा फारसा उपाय नव्हता. भातकापणीच्या सुमारास ते घरीच वारले.

"त्या डॉक्टरीणबाईंना कळवायला पायजे," असं सासूबाईच म्हणाल्या. आम्ही दोघी गेलो. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या माणसाचं झालं ते झालं," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्याला तरी आधी सांगता येईल का?"

"तेच शोधायच्या मागे आहोत आम्ही," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी पिशवीतून पेणच्या पोह्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली. बाई आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आल्या.