देव घरात असेपर्यंत

घरं रिकामी करून देण्याचा धंदा मी चाळिशी उलटल्यावर सुरू केला. त्याआधी चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. तो बंद पडला. आमच्या घरात आजोबांपर्यंत भिक्षुकी, वडिलांपासून कारकुनी. ओझं उचलायची सवय कुणालाच नाही. पण या शहरात आईवडील मागे राहतात, मुलं पुण्याला जातात आणि एक दिवस घर विकलं जातं, हे मी पाहत होतो. हवं ते मुलं नेतात. उरलेलं आम्ही उचलतो: कपाटं, गाद्या, माळ्यावरच्या फळ्या, फुटक्या कुंड्या, औषधांच्या बाटल्या.

आम्ही तिघं होतो. टेम्पो चालवणारा भाई सिल्लोडचा. दुसरे पिशोरकडचे मामा, माझ्याहून बरेच मोठे, मेंढपाळ घरातले. मेंढरं भावाच्या हवाली करून ते शहरात मजुरीला आले होते. नात्याचे कुणी नव्हेत, पण पहिल्या दिवसापासून भाईसकट आम्ही त्यांना मामाच म्हणायचो.

कारखान्यात बूट घातल्याशिवाय गेटच्या आत सोडत नसत. ती शिस्त मी सोबत आणली आणि दोघांना पुढे लोखंडी टोपी असलेले बूट घेऊन दिले. मामा ते घालून टेम्पोतून उतरले तेव्हा भाई म्हणाला, "क्या मामा, एकदम दूल्हे दिखरे! घोड़ी किधर है?"

"घोडी तूच की," मामा म्हणाले. "चल, वाक."

अडचण वेगळीच निघाली. कारखान्यात देवाचं मंदिर गेटजवळ असायचं, घरात देव आत असतो. आणि देव आत असेपर्यंत मामा बूट घालून उंबरा ओलांडत नसत. मी रागावलो, समजावलं. "सायेब, असं कुठं आस्तंय व्हय?" एवढंच ते म्हणायचे आणि बूट दाराबाहेर जोडीनं ठेवायचे. शेवटी मी एक रीत पाडली. काम सुरू करण्याआधी घरच्यांनी देव हलवायचे, मग आम्ही बूट घालून आत जायचं. देव हलले की मामा निर्धास्त चालायचे. ही रीत चांगली चालली. मला तिचा थोडा अभिमानही होता.

गेल्या उन्हाळ्यात सिडकोतलं एक घर आलं. तिथं एकट्या राहणाऱ्या काकू मुलाकडे चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घराचा ताबा द्यायचा होता, म्हणून काम थांबवण्यासारखं नव्हतं. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "काकू, तेवढे देव आधी हलवता का?"

"अहो, मला सोयर आहे," त्या म्हणाल्या. "काल सुनेला मुलगा झाला. मला शिवता येत नाही. मुलगी संध्याकाळी येणार आहे, तिच्या सासरचं गोत्र वेगळं, तिला चालतं." मग त्यांनी माझं आडनाव विचारलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्यातलेच की! मग तुम्हीच उचला ना. शेजारी नेऊन ठेवू. आंघोळ करून आलात ना?"

मी आंघोळ केलेली नव्हती. आमच्या भागात नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते, टाकीत होतं ते स्वयंपाकापुरतं. मी खरं ते सांगितलं. देवाच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं.

दारात उभे असलेले मामा म्हणाले, "मी तर सकाळीच हापशावर आंघोळ करून आलोय."

ते देव उचलतो असं म्हणाले नाहीत. नुसतं एवढंच. काकू त्यांच्याकडे पाहून हसल्या, चांगल्या मनानं हसल्या, आणि पुन्हा माझ्याकडे पाहू लागल्या. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला. मामांनाही कळला असणार. "मग मामाच उचलतील," हे तीन शब्द माझ्या तोंडात होते. मी ते गिळले. काकू अवघडतील, त्यांना नाही म्हणणं जड जाईल, असा मी विचार केला. निदान तेव्हा मला तसं वाटलं. आता वाटतं, अवघडलो असतो तो मीच.

"राहू द्या," मी म्हणालो. "संध्याकाळीच हलवा."

मामांनी बूट काढून दाराबाहेर ठेवले. मी त्यांना अडवलं नाही.

दुपारी माळा उतरवायला घेतला. जुन्या खोक्यांच्या फळ्या होत्या, खिळे तसेच. भाई टेम्पोत होता, मी माळ्यावर, मामा माझ्याकडून फळ्या घेऊन खाली रचत होते. काकू देवघराशी थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, कुंकू कुणी सांडलं इथं?"

फरशीवर लाल ठिपके होते. देवघरापासून मागच्या दारापर्यंत गेलेले. मामांनी खाली पाहिलं, पाय उचलला, तळव्यात रुतलेला खिळा दोन बोटांनी उपटला आणि बाजूला टाकला.

"मामा, कळलं कसं नाही तुम्हाला?" मी ओरडलो.

"मेंढरामागं काटं तुडवून पाय लई निबर झालेत, सायेब. खिळ्याची काय गत!"

मी हसलो, आवाज ऐकून आत आलेला भाईही हसला. काकूंनी हळद आणून दाबली. मी मामांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन देववलं आणि माझं कर्तव्य झालं असं समजलो. खिळा एवढा खोल रुततो आणि माणसाला कळत नाही, याचा आम्ही विनोद केला. कुणाला शंका आली नाही. मामांची शुगर कधी कुणी तपासलीच नव्हती.

ते आराम करायला गावी गेले. फोनवर म्हणायचे, "बराय. देवाच्या घरात लागलंय, वंगाळ व्हायचं नाय." भाईनं एकदा जाऊन पाहिलं आणि तिथूनच मला फोन केला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "पाँव काला पड़ गया, साब. बू आरी."

शहरातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कामावर लागलं का, पायात काही नव्हतं का. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मामाच म्हणाले, "सायबानं बूट दिलेत. मीच काढलेत. सायबाचा दोष नाय." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे मालक बरा आहे अशी. मी ती मान स्वीकारली. बाहेर मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पाय ऱ्हाईल ना?"

पाय राहिला नाही. गुडघ्याखालून काढावा लागला.

आता मी देव हलल्याशिवाय कामाला हात लावत नाही. कुणी नाराज झालं तर काम सोडतो. कुणाकडे बूट नसले तर मी स्वतः आणून देतो. हे सगळं योग्यच आहे, आणि मामांच्या काही कामाचं नाही.

पिशोरला मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी मनाशी ठरवून गेलो होतो की सांगून टाकायचं: मामा, तुम्ही आंघोळ करून आला होतात, देव तुम्ही उचलायला हवे होते, मी बोललो नाही. दारातच मामींनी मला बाजूला घेतलं. "पायाचं काढू नका त्यांच्यासमोर. रातभर झोपत न्हाईत मग." त्यामुळे आम्ही मक्याविषयी बोललो, भावाच्या मेंढरांविषयी बोललो. भाईच्या मुलीचं लग्न ठरलं ते मी सांगितलं. मामा बाजेवर बसले होते, लुंगीचा एक भाग रिकामा पडलेला. निघताना ते म्हणाले, "सायेब, बसून करायचं काय काम आसंल तर सांगा. तांबं-पितळ निवडायचं, बाटल्या येगळ्या करायच्या. हात चांगलेत माझे."

"बघतो," मी म्हणालो. दुसऱ्या वेळीही हेच झालं.

आमच्या धंद्यात बसून करायचं काम नाही. निवडानिवड उभ्या उभ्या घरातच होते आणि माल थेट भंगारवाल्याकडे जातो. त्यांना ते माहीत असायला हवं, किती वर्षं काम केलं त्यांनी. तरी बाजाराच्या दिवशी त्यांचा फोन येतो. आधी भाईची चौकशी करतात, मग माझ्या तब्येतीची, मग थांबतात.

"बघतोय, मामा," मी म्हणतो.

"व्हय, व्हय. घाई नाय," ते म्हणतात.